फाइलमध्ये फक्त बाइट्स असतात: टेक्स्ट फाइल वाचायला-लिहायला शिकताना

प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक कोर्समध्ये फाइलचा धडा पटकन उरकतात. ओपन, रीड, राइट, क्लोज, झालं, चला पुढे. माझ्या कोर्समध्ये पण तसंच होतं, आणि तेवढ्यावर सरावाची गणितं सुटतात सुद्धा. पण मी स्वतःसाठी एक छोटा प्रोग्रॅम करायला घेतला, तोही मराठी मजकुराचा, आणि मग त्या एवढ्याशा धड्यात मी बरेच दिवस रमले. त्यातलं जे जे कळलं ते इथे लिहितेय कारण मराठीत हे सगळं एका जागी मला सापडलं नव्हतं, आणि मराठी मजकूर असला की जे प्रश्न येतात ते इंग्रजी उदाहरणांमध्ये कधी येतच नाहीत. मी पायथनवर शिकले त्यामुळे नावं पायथनची आहेत, पण मुद्दे इतर भाषांनाही लागू पडतात.

प्रोग्रॅम साधा होता. वाचलेल्या पुस्तकांची यादी. एका ओळीत एक पुस्तक: नाव, लेखक, पानं. प्रोग्रॅमनं ती वाचायची, एकूण पानं सांगायची, शोधायला मदत करायची, नवीन पुस्तक जोडायचं. फाइल कशाला लागते तर व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं प्रोग्रॅम बंद झाला की जातं, मेमरी मोकळी होते. डिस्कवर लिहिलं तरच ते उद्या परत मिळतं. इथपर्यंत सोपं.

पहिली अडचण आली ती फाइल सापडण्याचीच. फाइल प्रोग्रॅमच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर दिसतेय आणि पायथन म्हणतंय फाइल नॉट फाउंड एरर. नवीन शिकणाऱ्या जवळपास सगळ्यांना हे एकदा तरी भेटतं. याची कारणं मला दोन मिळाली. एक म्हणजे विंडोज फाइलचं एक्स्टेंशन लपवून ठेवतं, म्हणजे आधीच डॉट टीएक्सटी असलेल्या फाइलचं नाव बदलताना आपण शेवटी परत डॉट टीएक्सटी लिहिलं तर खरं नाव डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी होतं आणि आपल्याला दिसताना एकच दिसतं. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेंशन दाखवायची सेटिंग आधी चालू करून टाका, प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर ती चालूच हवी. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नुसतं फाइलचं नाव दिलं तर पायथन ती फाइल प्रोग्रॅम जिथे आहे तिथे शोधत नाही, तर चालू वर्किंग डिरेक्टरीमध्ये शोधतं, म्हणजे तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला तिथे. एडिटर बऱ्याचदा बाहेरच्या मोठ्या फोल्डरमधून चालवतो आणि आपली फाइल आतल्या फोल्डरमध्ये असते. ओएस मॉड्यूलमधलं गेट-सीडब्ल्यूडी एकदा प्रिंट करून बघितलं की लगेच उलगडा होतो. यावर मला आवडलेला उपाय म्हणजे पाथलिब, पायथनमध्ये ३.४ पासून आहे, त्यानं प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जागेवरून पुढचा पत्ता बनवता येतो आणि मग तो कुठूनही चालवा फरक पडत नाही.

आणि विंडोजचा पूर्ण पत्ता लिहायचा असेल तर उलट्या तिरक्या रेघेकडे लक्ष असू द्या. बॅकस्लॅशनंतर एन आला तर पायथन त्याला नवी ओळ समजतं, टी आला तर टॅब. म्हणजे फोल्डरचं नाव एन नं सुरू होत असेल तर पत्त्याच्या मधेच ओळ तुटते आणि एरर बघून काहीच कळत नाही. सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा, पायथनमध्ये विंडोजवर पण चालतो.

फाइल उघडली, रीड केलं, सगळा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये आला, छान वाटलं. मग त्याच उघड्या फाइलवर परत रीड केलं तर रिकामी स्ट्रिंग. एरर नाही, काही नाही, नुसतं रिकामं. हे खूप जणांना कोड्यात टाकतं पण कारण सोपं आहे. उघडलेल्या फाइलसोबत एक जागा लक्षात ठेवलेली असते, आतापर्यंत कुठवर वाचून झालं ती. पहिल्या रीडनं ती शेवटाला गेली, आता तिथून पुढे वाचायला काही उरलंच नाही. सीक वापरून शून्यावर परत नेलं की पुन्हा वाचता येतं. कॅसेट शेवटपर्यंत वाजली की रिवाइंड करावी लागायची, अगदी तेच.

त्यानंतर ओळी. फॉर लूप थेट फाइलवर चालवला की एकेक ओळ मिळते, आणि ही पद्धत मला सगळ्यात जास्त पटली कारण अख्खी फाइल मेमरीत घ्यावी लागत नाही, फाइल कितीही मोठी असो. पण प्रिंट केल्यावर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येत होती. वाचलेल्या ओळीच्या शेवटी नव्या ओळीची खूण असतेच आणि प्रिंट स्वतःची एक लावतं, अशा दोन झाल्या. याचा एक फायदा मला नंतर कळला तो सांगते. रीडलाइननं वाचताना मधली रिकामी ओळ आली तर तिच्यात निदान ती खूण तरी असते, आणि फाइल संपली असेल तरच पूर्ण रिकामी स्ट्रिंग येते. म्हणजे रिकामी ओळ आणि फाइलचा शेवट यातला फरक त्या खुणेमुळेच करता येतो. मग ती खूण काढून टाकायची असेल तर स्ट्रिप आहेच.

इथे एक सवय लागली आणि ती मी प्रत्येक नवीन शिकणाऱ्याला सांगते: शंका आली की प्रिंट नको, रेप्र वापरून बघा. प्रिंट मजकूर सजवून दाखवतं, रेप्र जसा आहे तसा, ओळीची खूण, टॅब, शेवटची स्पेस, सगळं उघडं करून. आणि त्याच्याही पुढे जायचं तर फाइल बायनरी मोडमध्ये उघडा, म्हणजे मोडमध्ये बी लावून. मग पायथन कसलाही अर्थ न लावता नुसते बाइट्स हातात देतं. शून्य ते २५५ मधले आकडे, एकामागे एक. फाइलमध्ये एवढंच असतं. अक्षर नसतं, ओळ नसते, मराठी नसतं, काही नसतं. आपण ज्याला ओळ म्हणतो ती म्हणजे १० हा बाइट जिथे आला तिथे तोडायचं एवढा समजुतीचा भाग. हे डोळ्यांनी बघितलं आणि तिथून पुढचं सगळं मला सोपं गेलं, कारण प्रत्येक अडचणीचं मूळ एकच निघायला लागलं: लिहिणाऱ्यानं ज्या समजुतीनं बाइट्स लिहिले, वाचणाऱ्यानं त्याच समजुतीनं वाचले का?

ओळीचंच घ्या. लिनक्सवर ओळ संपते ती फक्त १० नं. विंडोजवर १३ आणि १० असे दोन बाइट्स. हे टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलंय, एका खुणेनं छापायचा भाग डावीकडे परत जायचा आणि दुसरीनं कागद एक ओळ वर सरकायचा. पायथन टेक्स्ट मोडमध्ये हे आपल्यासाठी सांभाळून घेतं, वाचताना दोन्ही प्रकार एकाच खुणेत बदलतं आणि लिहिताना त्या त्या सिस्टिमप्रमाणे लिहितं. म्हणून विंडोजवर आपण मोजलेली अक्षरं आणि फाइलचा साइझ जुळत नाही, साधा इंग्रजी मजकूर असला तरी.

आता मराठी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा असं माझं मत आहे.

माझ्या यादीची फाइल विंडोजवर पायथननं वाचली की कधी कचरा यायचा आणि कधी प्रोग्रॅम सरळ मोडायचा. तीच फाइल, तोच प्रोग्रॅम मैत्रिणीच्या लिनक्सवर नीट चालत होता, म्हणजे फाइल खराब नव्हती. फरक एन्कोडिंगचा होता, म्हणजे कुठले बाइट्स आले की कुठलं अक्षर समजायचं त्या नियमाचा. ओपन करताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन सिस्टिमचं डीफॉल्ट घेतं. लिनक्सवर ते युटीएफ-८ असतं, माझ्या विंडोजवर सीपी-१२५२ निघालं, जे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेलं आहे, एका अक्षराला एक बाइट. आणि माझी फाइल होती युटीएफ-८ मध्ये.

युटीएफ-८ केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलं. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आस्की या इंग्रजीसाठीच्या जुन्या एन्कोडिंगसारखाच, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणतेय कारण काना, वेलांटी, हलन्त हे सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, वेगळे धरतात. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पायथनला लांबी विचारली तर पाच सांगतं (म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी), आणि फाइलमध्ये तो पंधरा बाइट्स घेतो. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रत्येक ठिकाणी मोजायची गोष्ट वेगळी आहे.

'म' चे तीन बाइट्स आहेत २२४, १६४, १७४. सीपी-१२५२ च्या समजुतीनं वाचले तर २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, १६४ म्हणजे चलनाचं एक जुनं चिन्ह, आणि १७४ म्हणजे गोलात आर, रजिस्टर्ड ट्रेडमार्कची खूण. इंटरनेटवर कधीतरी सगळ्यांनी बघितलेला तो कचरा, ज्यात दर दोन चिन्हं सोडून तोच रेघवाला ए परत परत येतो, तो नक्की कुठून येतो हे मला त्या दिवशी कळलं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असतो, म्हणून तो ए सारखा येतो. आता असा मजकूर कुठे दिसला तर मला अंदाज बांधता येतो की आत बहुधा देवनागरी आहे आणि ती बहुतेक वेळा परत मिळवता येईल.

पण मग कधी कचरा आणि कधी एरर, असं का? ह्याचं उत्तर शोधताना मला फार मजा आली. सीपी-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, म्हणजे १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या बाइट्सना तिथे कुठलंच अक्षर दिलेलं नाही. त्यातला एक जरी आला तर पायथन युनिकोड डीकोड एरर देतं, कॅरॅक्टर मॅप्स टू अनडिफाइन्ड. आणि हलन्ताचे बाइट्स आहेत २२४, १६५, १४१. म्हणजे जोडाक्षर आलं की मोडलं! पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट १२९, ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. म्हणून नुसतं 'मराठी' असलेली फाइल काही न बोलता कचरा देते आणि 'पुस्तक' असलेली फाइल मोडते, कारण त्यात उकार पण आहे आणि जोडाक्षर पण. मी कागदावर शब्द लिहून आधी अंदाज बांधायचे, हा मोडेल, हा कचरा देईल, आणि मग चालवून बघायचे. सगळे बरोबर येत गेले. अजून एक बघितलं, फाइल छोटी असेल तर चुकीचा बाइट पार शेवटच्या ओळीत असला तरी पहिली ओळ सुद्धा प्रिंट व्हायच्या आधीच एरर येते. कारण पायथन ओळ ओळ मागत नाही, डिस्कवरून एक मोठा तुकडा एकदम उचलतं आणि तो सगळाच्या सगळा उलगडतं, मग त्यातून ओळी देतं.

खरं तर एरर येते ते बरंच म्हणायचं. कचरा देणारी फाइल जास्त धोक्याची, कारण प्रोग्रॅम पुढे जातो, तो कचरा परत लिहून ठेवतो आणि दोनदा असं झालं की मूळ मजकूर परत मिळवणं अवघड होत जातं. उपाय एकाच शब्दाचा आहे, प्रत्येक ओपनमध्ये एन्कोडिंग युटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. वाचताना पण, लिहिताना पण. पायथनच्या ३.१५ पासून हेच डीफॉल्ट करायचं ठरलेलं आहे, पण जुन्या आवृत्त्या लोकांच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं राहतात त्यामुळे लिहायची सवय सोडू नका.

एवढं करूनही यादीतलं पहिलं पुस्तक शोधात येत नव्हतं. बाकी सगळी येत होती, फक्त पहिलं नाही. नाव अगदी तेच, डोळ्यांना काही फरक नाही. रेप्र लावलं तर नावाच्या आधी एक न दिसणारं चिन्ह. याला बॉम म्हणतात, बाइट ऑर्डर मार्क, फाइलच्या सुरुवातीचे तीन बाइट्स २३९, १८७, १९१. जुनं नोटपॅड युटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना हे लावायचं, विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून डीफॉल्ट बदललं, पण माझी फाइल जुन्या कॉम्प्युटरवर केलेली होती. स्ट्रिपनं हे जात नाही कारण ते स्पेस धरलं जात नाही. वाचताना एन्कोडिंग युटीएफ-८-सिग असं दिलं की असेल तर काढतं आणि नसेल तर काही बिघडत नाही, म्हणून बाहेरून आलेली फाइल मी नेहमी तसंच वाचते.

लिहिण्याबद्दल. मोडची अक्षरं पाठ करायला सांगतात, आर वाचायला, डब्ल्यू लिहायला, ए शेवटी जोडायला. पण डब्ल्यूबद्दल एक गोष्ट ठळक करून सांगायला हवी: फाइल रिकामी होते ती राइट केल्यावर नाही, ओपन केल्याक्षणी. मी यादीची एक कॉपी काढून मुद्दाम करून बघितलं, डब्ल्यूनं उघडली, काहीही न लिहिता बंद केली, शून्य बाइट्स. मग अजून एक प्रयोग केला, डब्ल्यूनं उघडली, एन्कोडिंग दिलं नाही, आणि मराठी लिहायचा प्रयत्न केला. सीपी-१२५२ मध्ये देवनागरी मावतच नाही त्यामुळे युनिकोड एन्कोड एरर आली, आणि जुना मजकूर तर उघडतानाच गेलेला. म्हणजे नवीन आलं नाही आणि जुनं पण राहिलं नाही. नवीन फाइल करायची आहे पण आधीची असेल तर हात लावायचा नाही असं असेल तर एक्स मोड आहे, फाइल असेल तर तो एरर देऊन थांबतो. हा मोड कोर्समध्ये फारसा कोणी सांगत नाही, सांगायला हवा.

राइट स्वतःहून ओळ बदलत नाही आणि फक्त स्ट्रिंग घेतं, आकडा द्यायचा तर आधी त्याची स्ट्रिंग करायची. हे पटकन अंगवळणी पडतं. वेळ लागतो तो बफर समजायला. मी राइट केलं, प्रोग्रॅम इनपुटसाठी थांबलेला होता, दुसऱ्या खिडकीत फाइल उघडून बघितली तर रिकामी. राइट म्हणजे लगेच डिस्कवर असं नसतं. मजकूर आधी मेमरीतल्या एका बफरमध्ये साठतो, अनेक आवृत्त्यांत तो ८१९२ बाइट्सचा होता, आणि भरला किंवा फाइल बंद केली की मग पुढे जातो. डिस्ककडे पुन्हा पुन्हा जाणं मेमरीच्या मानानं खूप हळू असतं म्हणून ही सोय. फ्लश केलं की मजकूर पायथनकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, दुसऱ्या खिडकीत दिसायला लागतो, पण ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची साठवण असते, प्रत्यक्ष डिस्कवर गेलंच पाहिजे असं असेल तर त्यापुढे एफसिंक.

क्लोज करायचं कशासाठी हे इथे नीट कळतं. आणि मधेच एरर आली तर क्लोजची ओळ चालणारच नाही, म्हणून विथ. विथच्या आत फाइल उघडली की बाहेर पडताना, सरळ पडा किंवा एररमुळे पडा, ती बंद होतेच. मी आता विथशिवाय फाइल उघडतच नाही.

ए मोडबद्दल एक छोटी पण त्रासदायक गोष्ट. नोटपॅडमध्ये यादी हातानं लिहिली आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर दिला नाही तर शेवटी ओळीची खूण नसते. मग प्रोग्रॅम ए मोडमध्ये नवीन पुस्तक जोडतो ते आधीच्या पुस्तकाला चिकटूनच. फाइलला ओळ म्हणजे काय माहीत नाही, तिनं शेवटच्या बाइटनंतर पुढचे बाइट्स ठेवले, तिचं काम बरोबरच आहे. मी जोडायच्या आधी फाइलचा शेवटचा बाइट तपासून १० नसेल तर खूण लिहायची असं केलं.

यादीतली मधलीच एक ओळ बदलायची असेल तर? बऱ्याच दिवसांपर्यंत माझा समज होता की यासाठी काहीतरी कमांड असणार. नाहीये. बाइट्स रांगेत असतात, मधे चार जास्तीचे घुसवायचे तर पुढचे सगळे सरकवावे लागतील आणि तशी सोय साध्या फाइलमध्ये नसते, वरून लिहिलं तर पुढच्या ओळीचे बाइट्स खाल्ले जातात. म्हणून सगळी फाइल वाचायची, मेमरीत बदल करायचा, आणि सगळी परत लिहायची. पण परत लिहिताना डब्ल्यूनं उघडल्यावर लाइट गेली तर? यावरची पद्धत मला खूप आवडली. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावानं तात्पुरती फाइल लिहा, फ्लश आणि एफसिंक करा, बंद करा, आणि मग ओएस मॉड्यूलच्या रिप्लेसनं ती जुन्या नावावर बसवा. कुठल्याही क्षणी त्या नावाखाली एकतर पूर्ण जुनी फाइल असते किंवा पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही. बरेच एडिटर सेव्ह करताना असंच काहीसं करतात. एवढ्याशा यादीला याची गरज आहे का असं कोणी म्हणेल, माझ्या मते आहे, कारण ती यादी परत कुठून आणणार?

मग ओळीचे तुकडे. स्वल्पविरामावर स्प्लिट केलं आणि ज्या पुस्तकाच्या नावातच स्वल्पविराम होता तिथे तीनऐवजी चार तुकडे आले. इथे स्वतःचा जुगाड न करता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींची फाइल) यासाठीचं मॉड्यूल घ्या, तो असा भाग दुहेरी अवतरणात ठेवतो आणि वाचताना नीट सोडवतो. उघडताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्यायला विसरू नका नाहीतर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ पडते. अवतरणातल्या भागात नवी ओळ सुद्धा असू शकते बरं का, म्हणजे सीएसव्हीमध्ये फाइलची एक ओळ म्हणजे एक नोंद हे पण गृहीत धरता येत नाही.

पानांचा आकडा फाइलमधून येतो तो स्ट्रिंग म्हणून, त्याला इंट करायचं, नाहीतर १०० हे २० च्या आधी येतं कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. माझ्या यादीत काही आकडे इंग्रजीत होते काही मराठीत, आणि मी मराठी आकडे बदलणारा एक तक्ता लिहायला बसणार होते, त्याआधी सहज इंटला देवनागरीतलं २१६ देऊन बघितलं तर चक्क चाललं! पायथनचं इंट युनिकोडमधले सगळे दशमान अंक ओळखतं, देवनागरी पण. मला याचा खूप आनंद झाला, कोणीतरी आपल्या अंकांचा विचार करून ठेवलाय. फक्त परत लिहिताना ते इंग्रजी अंकांत लिहिलं जातं, संख्या तीच पण नऊ बाइट्सचे तीन होतात. मराठी अंकच ठेवायचे असतील तर लिहिताना बदलायला तक्ता लागतोच.

शोधात अजून एक अडकलं. 'तऱ्हा', 'ऱ्हास' असे शब्द नावात असले की कधी सापडायचे कधी नाही. हा अर्धा र दोन-तीन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त. दुसरं म्हणजे साधा र, त्याला नुक्ता (अक्षराखालचा टिंब), मग हलन्त. तिसरं म्हणजे साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर) हे एक न दिसणारं, जोडणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, बाइट्स वेगळे, त्यामुळे पायथनच्या दृष्टीनं शब्द वेगळे. पहिले दोन युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझनं एनएफसी प्रकार देऊन एकसारखे होतात. तिसरा होत नाही, तो मी वाचतानाच बदलून घेते. मराठीत शोध लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे करावं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटणार नोंदच नाही.

सध्या क्रमवारीवर अडलेय. सॉर्टेड दिलं की पायथन युनिकोडमधल्या क्रमांकानं लावतं आणि तिथे ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून 'काळ' हे 'कावळा' च्या आधी येतं, शब्दकोशात उलटं असतं. ॲ नं सुरू होणारी नावं तर पार ह च्याही नंतर शेवटी जातात कारण ते चिन्ह युनिकोडमध्ये उशिरा आलं आणि त्याला मागची जागा मिळाली. क्ष हा तीन चिन्हांचा, क, हलन्त, ष, त्यामुळे तो क च्या गटात शेवटी बसतो. मी मराठी वर्णमालेचा क्रम एका स्ट्रिंगमध्ये लिहून त्यातल्या जागेवरून सॉर्टला द्यायची 'की' (कशावरून क्रम लावायचा ते सांगणारा भाग) बनवली, ळ आणि ॲ त्यानं जागेवर आले. क्ष आणि ज्ञ साठी तीन चिन्हं मिळून एक धरावी लागतील, तो भाग लिहितेय. वर्णमालेची ती स्ट्रिंग मी प्रोग्रॅममध्ये न ठेवता वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलीय, म्हणजे क्ष ला क मध्येच ठेवू इच्छिणारा माणूस कोडला हात न लावता एक ओळ बदलून आपला क्रम लावू शकेल.